काचघरातली राखण

"चौगुलेबाई, एक खुर्ची काढा. हातांची द्या, आणि डगमगणारी नको."

भांडाराच्या दारात डॉ. हेर्लेकर उभे होते, आमच्या रोगशास्त्र विभागाचे प्रमुख. त्यांना काही हवं असलं की शिपाई चिठ्ठी घेऊन यायचा, हा तिथला रिवाज. साहेब स्वतः आले म्हणजे मामला खुर्चीचा नसतो, एवढं मी नोकरीच्या पहिल्याच वर्षात शिकले होते.

"ऑफिसातली मोडली का, सर?"

"नाही. काचघरात न्यायची आहे."

"तिथं कोण बसणार?"

"मी."

खुर्ची पुसता पुसता मी त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं. डावा हात डाव्या गुडघ्यावर, कपाळाला आठी, आणि भोवती त्यांचा तो नेहमीचा वास. सरांना संधिवात होता. सकाळ-दुपार ते गुडघ्यांना तेल चोळत. सर यायच्या आधी वास यायचा आणि सर गेल्यावरही तो निघायचं नाव घ्यायचा नाही. शिपाई म्हणायचे, साहेबांना घंटा बांधायला नको.

"आत उकडतंय हो सर. पंखासुद्धा नाही."

"राखण करायची म्हणजे उकडणारच," सर म्हणाले आणि वळले. काचघराच्या कुलपाची किल्ली त्यांनी जानव्याला बांधली होती. सदऱ्याच्या पातळ कापडातून ती दिसत होती.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होतील. आमचं संशोधन केंद्र वेदगंगेच्या काठी होतं. चारी बाजूंना तंबाखू, आणि केंद्रातही तंबाखूच. गंमत अशी की जिच्या जिवावर सगळ्या पंचक्रोशीच्या चुली पेटायच्या, ती तंबाखू खाणाऱ्या माणसाला काचघराचा उंबरा ओलांडायची मनाई होती. तंबाखूच्या पानाला केवड्याचा, पानं पिवळी-चट्टेरी करणारा विषाणू लागतो, आणि तो तोंडातल्या विड्यातून, बिडीतून, बोटांतून झाडावर जातो. आत जायचं तर हात आधी साबणानं आणि मग दुधानं धुवायचे. होय, दुधानं. दुधानं तो विषाणू लुळा पडतो म्हणे. त्या दुधाची मागणी माझ्याकडं यायची, आणि नवा ऑडिटर दर वेळी विचारायचा, "बाई, काचघरात मांजर पाळलंय का?"

आता तंबाखूच्या मुलखात तंबाखू न खाणारा माणूस आणायचा कुठून? शेवटी रावजी माळी सापडला. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं कसलंच व्यसन नाही. मी स्वतः सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणारी. काचघरातल्या कुंड्यांचा हिशेब माझा, पण त्या पाहायच्या दारातूनच. उंबऱ्याच्या आत पाय टाकला तर रावजी ओरडायचा, "बाई, तकडं! तकडंच थांबायचं!"

सर खुर्ची घेऊन गेले आणि मागच्या रॅकांआडून हेमलता बाहेर आली.

"गेले?"

"गेले. तू कधीपासून उभी आहेस तिथं?"

"खुर्ची म्हणाले तेव्हापासून." ती खताच्या पोत्यावर बसली. "झालं, बाई. माझ्यावर पहारा बसला."

हेमलता खरमाटे आष्टीची, बीड जिल्ह्यातली. सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. नवरा तिकडं शाळेत मास्तर, आणि तीन वर्षांची मुलगी आजीपाशी. मुलगी आता आजीलाच आई म्हणायला लागली आहे, हे हेमानं मला एकदा असं सांगितलं होतं, जसं कुणी बस चुकल्याचं सांगावं.  

तिचा प्रयोग मला तिनंच समजावला होता, याच पोत्यावर बसून.

"समजा बाई, झाडाच्या खालच्या एका पानाला मी थोडा रोग दिला. त्या पानावर ठिपके पडतात, तेवढा भाग करपतो. पण करपता करपता ते पान सगळ्या झाडाला निरोप धाडतं."

"निरोप?"

"रसायनाचा. डोकेदुखीची गोळी असते ना, तिच्याच भावकीतलं एक आम्ल. निरोप पोचला की वरची पानं कंबर कसून बसतात. मग आठवड्यानं मी वरच्या पानांना तोच रोग दिला तरी ती दाद देत नाहीत. ठिपके पडतात ते मोजके, आणि बारके."

"म्हणजे एकाला मार बसला की सगळं घर शहाणं होतं."

"तसंच."

"आमच्या घरात कधी झालं नाही बाई असं."

ती हसली होती तेव्हा. हे सिद्ध करायला तिच्याकडं दुसरी एक रांग होती, तिला ती 'कोरी झाडं' म्हणायची. त्यांच्या खालच्या पानाला नुसतं पाणी चोळायचं. निरोप नाही, तयारी नाही. मग दोन्ही रांगांच्या वरच्या पानांना सारखाच रोग द्यायचा. कोरी झाडं ठिपक्यांनी भरून गेली पाहिजेत आणि निरोपवाली सुटली पाहिजेत. जेवढा फरक मोठा, तेवढा प्रयोग पक्का.

पहिल्या खेपेला फरक फारच मोठा आला. इतका, की सरांनी आकडे वाचून कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "निसर्ग इतका नीटनेटका नसतो."

दुसरा कुणी असता तर पेढे मागितले असते. पण सर पोळलेले होते. त्याआधी काही वर्षं त्यांच्याकडं सदावर्ते नावाचा एक हुशार मुलगा होता. त्यानं न लावलेल्या झाडांचे आकडे लिहिले, सरांनी विश्वासानं सही केली, लेख छापून आला आणि मग तो जाहीरपणे मागं घ्यावा लागला. सदावर्ते कुठंतरी खतांच्या कंपनीत साहेब झाला. सर मात्र त्या दिवसापासून कुणाचाच आकडा दोनदा पाहिल्याशिवाय गिळत नव्हते. पगारपत्रकसुद्धा.

"काय म्हणाले तुला?" मी विचारलं.

"प्रयोग पुन्हा करायचा. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची, मी आत असेन तेव्हा तेही आत. फरक दिसला तर परीक्षकांना बोलावतील. नाही दिसला तर विद्यापीठाला कळवतील की माझे पहिले आकडे विश्वासार्ह नाहीत."

"मग?"

"मग काय! नोंदणी रद्द. आणि नावापुढं ते एक चिकटणार, जन्माचं." तिनं पदर सारखा केला. "पीएच.डी. गेली तर जाऊ दे हो बाई. पण खोटी म्हणून घरी कशी जाऊ?"

सर खरोखरच बसले. सकाळी कचेरी उघडायच्या आधी येत, जेवायला तेवढे उठत, संध्याकाळी कुलूप लावून जात. विषाणू नि किडे नकोत म्हणून दारं-तावदानं बंद. आत वाफारा. सर वर्तमानपत्र वाचत, गुडघे चोळत, आणि हेमाच्या हातांवर लक्ष ठेवत.

चहाच्या वेळी विभागात दुसरा विषयच नव्हता. डॉ. पुंडे म्हणून एक होते, सरांच्या खालोखाल ज्येष्ठ. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या फजितीशिवाय त्याचा चहा गोड व्हायचा नाही.

"साहेब ध्यानाला बसलेत म्हणे," पुंडे म्हणाले. "रावजी, आसन कुठं मांडलंय?"

"त्या कोऱ्या झाडांपाशी," रावजी म्हणाला. "अगदी मधोमध. पान हाललं तरी बगत्यात."

"बरोबर! चौगुलेबाई, तुम्हाला कळलं का, तिथंच का?"

"तुम्ही सांगा. तुम्हाला लबाडीतलं कळतं."

पुंड्यांनी बोलणं मनावर घेतलं नाही. "हे बघा, आजारी झाड चोरून बरं करता येत नाही. पण निरोगी झाड चोरून जास्त आजारी पाडता येतं. कोऱ्या झाडांना हळूच दुप्पट विषाणू चोळला की फरक आपोआप मोठा. म्हणून साहेब तिथं."

त्या क्षणी मी पुंड्यांना मनातल्या मनात एका रकान्यात टाकून दिलं. माणसं जोखण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं मला तेव्हा वाटायचं. इतकी वर्षं कोण किती मागतं आणि किती वापरतं हे पाहत आले होते. जो साबणाच्या दोन वड्या मागून चार नेतो त्याचं सगळंच मला ठाऊक. आणि पुंड्यांना लबाडीची वाट इतकी तोंडपाठ कशी, हा प्रश्न मी बाजूला ठेवून दिला, पुढं उपयोगी पडेल म्हणून.

निकालाच्या सकाळी मी दूध पोचवायच्या निमित्तानं काचघराच्या दारापाशी गेले. वरच्या पानांना सरांच्या डोळ्यांदेखत रोग देऊन झाला होता. ठिपके त्या दिवशी दिसायला हवे होते. आत हेमा वाकून एकेक पान पाहत होती. सर तिच्या मागं, हातात भिंग. निरोपवाली रांग संपली. पानं स्वच्छ. हेमानं मान वर करून माझ्याकडं पाहिलंसुद्धा, डोळ्यांत हसू.

मग ती कोऱ्या रांगेकडं वळली, आणि तिचे हात थांबले.

"किती?" सरांनी विचारलं.

 सरांनी स्वतः भिंग लावलं. एक झाड, दुसरं, तिसरं. बऱ्याच वेळानं ते सरळ उभे राहिले.

"हीसुद्धा स्वच्छच म्हणायची. थोडे ठिपके इकडंतिकडं. फरक नाही, हेमलता."

"सर, असं होऊच शकत नाही. कोरी झाडं आहेत ही."

"मी इथं बसलो होतो. तू आत असताना एक क्षण उठलो नाही."

"म्हणूनच म्हणतेय, सर..."

"म्हणूनच मीही म्हणतोय."

ते माझ्या बाजूनं बाहेर पडले. मला वाटलं होतं, चेहऱ्यावर जिंकल्याची खूण असेल. ती नव्हती. माणूस म्हातारा दिसत होता. ऑफिसात जाऊन त्यांनी परीक्षकांना पुण्याला फोन केला: तारीख तूर्त स्थगित, सविस्तर पत्र सोमवारी. शिपायानं बाहेरून ऐकलं, आणि चहाच्या आत ते सगळ्या केंद्राला ठाऊक झालं.

हेमा भांडारात येऊन बसली. रडत नव्हती, तेच मला बरं वाटत नव्हतं.

"मी सांगते तुला," मी दार लोटून घेतलं. "हे पुंड्यांचं काम. रात्रीतून कोऱ्या झाडांवर औषध मारलंय त्यांनी."

"कसलं औषध?"

"रोगाचं."

"विषाणूला औषध नसतं, बाई. आणि किल्ली सरांच्या जानव्याला."

माझा इतक्या दिवसांचा शोध दोन वाक्यांत निकालात निघाला.

"सरांनी झाडं उपटून पुरायला सांगितलीत," ती म्हणाली. "कुंड्या तुमच्या. चला, मोजून घ्या."

रावजी एकेक कुंडी उचलून बाहेर आणत होता आणि देव्हाऱ्यात देव मांडावेत तशा काळजीनं जमिनीवर मांडत होता. माळकरी माणूस, हातच असा. आत फळीवर कुंडी जिथं होती, बाहेरही त्याच जागी. मी उंबऱ्याबाहेर उभी. हेमानं फावडं हातात घेतलं होतं. पहिलं झाड उपटायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"रावजी, ही शेवटची कुंडी कुठली?"

"त्या टोकाची. दाराकडची."

"आणि ही?"

"ती मधली. सायबांच्या कुशीतली."

हेमानं फावडं टाकलं. ती रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सावकाश चालली, मग परत आली. मलाही आता दिसलं. दोन्ही टोकांच्या झाडांवर ठिपके होते, बरेच. आत आत यावं तसे ते कमी होत गेले होते. आणि मधोमध, जिथं खुर्ची होती तिथली झाडं नव्या नवरीसारखी नितळ.

"बाई, मी चोळताना हात हलका-जड केला असेल म्हणावं, तर तो असा रांगेनं कमी होत जाणार नाही." ती स्वतःशीच बोलत होती. "ऊन नाही. पाणी नाही. मध्ये काय होतं? खुर्ची."

"खुर्चीला काय होतंय? सागवानी आहे."

ती धावत आत गेली. काचेतून मला दिसलं, ती त्या खुर्चीत जाऊन बसली. डोळे मिटले. मग वाकून तिनं खुर्चीचा हात हुंगला. रावजी माझ्याकडं बघून पुटपुटला, "बाई, पोरगीचं डोकं फिरलं का काय वो?"

ती बाहेर आली तेव्हा तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"बाई, सर गुडघ्याला काय लावतात?"

"तेल."

"कसलं?"

"गंधपुऱ्याचं. कोल्हापूरहून मागवतात, मोठी बाटली. कंपनीचा बाम त्यांना मानवत नाही."

हेमा खाली बसली. तिथंच, मातीत, कुंड्यांच्या मधे. एक हात तोंडावर. मला आधी वाटलं, रडते आहे. पाहिलं तर हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"काय झालं गं?"

"गंधपुऱ्याच्या तेलात दुसरं काही नसतंच हो बाई. जवळजवळ सगळं तेच असतं."

"तेच म्हणजे काय?"

"झाडाचा निरोप."

मला कळलं नाही. तिनं भराभरा सांगितलं. ते आम्ल पान तयार करतं, आणि त्याचंच एक उडून जाणारं रूप असतं, वासाचं. परदेशातल्या काहींनी दोनच वर्षांपूर्वी दाखवलं होतं, की आजारी तंबाखूचं झाड तो वास हवेत सोडतं आणि शेजारचं निरोगी झाडही त्यानं सावध होतं. तोच पदार्थ गंधपुऱ्याच्या पानात असतो, म्हणून ते तेल दुखऱ्या गुडघ्याला लागू पडतं.

"म्हणजे सर तिथं बसून..."

"दिवसभर बंद काचघरात बसून माझ्या कोऱ्या झाडांना सांगत होते, सावध राहा, सावध राहा."

रावजीनं कपाळाला हात लावला. "आरं देवा. आनि आमी म्हंतोय, सायेब काय बोलत न्हाईत."

आता हे सरांना सांगायचं कुणी? हेमा म्हणाली मीच सांगेन, पण दारापर्यंत येऊन ती माझ्या मनगटाला धरून उभी राहिली, म्हणून मी पण आत गेले. सर विद्यापीठाचं पत्र लिहीत होते.

हेमानं सगळं सांगितलं. सरांनी लेखणी खाली ठेवली नाही.

"म्हणजे दोष माझ्या गुडघ्याचा."

"दोष नाही, सर. परिणाम."

"हेमलता, प्रयोग फसला की माणूस कारणं शोधतो. सदावर्तेपाशीही होती कारणं. तुझ्याइतकी विनोदी नव्हती, एवढंच."

तिचा चेहरा पडला. पण ती हलली नाही. "सर, मी सदावर्ते नाही. कुंड्या बाहेर मांडल्यात. तुम्ही चालत या. दाराकडून मधल्या कुंडीपर्यंत. मी काही बोलणार नाही."

सरांनी लेखणी ठेवली. मग उठले. लंगडत बाहेर गेले, रांगेच्या टोकापासून चालत मध्यापर्यंत आले. तिथं थांबून त्यांनी स्वतःच्या गुडघ्याकडं पाहिलं, जसं एखाद्या वांड मुलाकडं बघावं.

"हे पुरावा नाही," ते म्हणाले. "ही शंका आहे."

"मला तेवढीच हवी, सर. पलीकडच्या काचघरात राखीव रोपं आहेत, याच बियाण्याची. तिकडं तुम्ही एकदाही गेला नाहीत."

"निम्म्यांपाशी तेलाचा बोळा ठेवायचा. निम्मी कोरी. मधे काचेची भिंत." सरांचा आवाज बदलला होता, शिकवताना व्हायचा तसा. "पण विषाणू तू चोळायचा नाहीस. रावजी चोळेल. बोळे आधी काढायचे, आणि कुठली कुठली आहेत हे त्याला सांगायचं नाही."

"चालेल, सर."

"आणि मी आत यायचं नाही."

"तुम्ही यायचंच नाही, सर."

सरांनी खिशातून बाटली काढून तिच्या हातात दिली. पत्र मात्र फाडलं नाही. ऑफिसात परत जाऊन टेबलाच्या खणात घातलं.

त्यानंतरच्या दिवसांत सरांनी गुडघ्याला काही लावलं नाही. जिना चढताना भिंतीला धरून चढायचे. पुंड्यांनी एकदा विचारलं, "साहेब, आज वास नाही?" तर म्हणाले, "वास प्रयोगावर आहे."  मला फार समाधान वाटलं.

ज्या सकाळी ठिपके दिसायचे होते, त्या सकाळी मी जाण्याआधीच सर पलीकडच्या काचघराबाहेर उभे होते. किल्ली त्यांनी हेमाच्या हातात दिली आणि ते मागं सरकले. आत हेमा आणि रावजी. बाहेर आम्ही दोघं, एक मिश्रीवाली आणि एक तेलवाले, काचेला नाक लावून. दहिवर पडलेलं, काच धुरकट. सरांनी रुमालानं एक गोल पुसला, मग माझ्यासाठी शेजारी दुसरा.

"काही दिसतंय, बाई?"

"तिची पाठ."

"मलाही तेवढीच."

पाठ एका फळीवरून दुसऱ्या फळीकडं सरकत होती. मान खाली. रावजी हात बांधून कोपऱ्यात. सर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते.

"खरं सांगू का, चौगुलेबाई," ते काचेकडंच बघत म्हणाले, "तिचे पहिले आकडे मी वाचले ना, तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्या आनंदाचीच भीती वाटली. सदावर्तेच्या वेळी अगदी तसाच झाला होता."

 काचेआड हेमाची पाठ थांबली होती.

मग ती वळली. तिच्या दोन्ही हातांत एक कुंडी होती. ती काचेपाशी आली आणि तिनं ते झाड आमच्या नाकासमोर काचेला लावलं. देवी आलेल्या पोराच्या अंगासारखं पान अन् पान फुललेलं. तपकिरी ठिपके, दाट, एकाला एक खेटून.

"कुठलं?" सर ओरडले. "कुठलं आहे हे?"

काचेआडून तिचा आवाज बारीक आला. "कोरं, सर! कोरं! सगळी अशीच आहेत!"

"आणि तेलाची?"

तिनं नुसती मान हलवली, नाही, नाही, नाही. एकही नाही म्हणावं तसं. मागं रावजी दोन्ही हात वर करून "इठ्ठल, इठ्ठल" म्हणत होता. झाडांना रोग झाला म्हणून एवढा आनंद झालेली माणसं त्या केंद्रानं त्याआधी पाहिली नसतील.

सरांनी डोळे मिटून कपाळ काचेला टेकवलं. खांदे खाली आले. एवढे दिवस ते वर ओढलेले होते, हे मला ते खाली आले तेव्हा कळलं.

हेमा बाहेर आली.  सर म्हणाले, "चौगुलेबाई, तुमचा फोन चालू आहे का? माझ्या ऑफिसपर्यंत जिना आहे."

आम्ही तिघं भांडारात आलो. सरांनी पुण्याचा नंबर फिरवला. हेमा पोत्यांना टेकून उभी, हातांना अजून दुधाचा ओलावा.

"मी हेर्लेकर. तारीख स्थगित म्हणालो होतो, ती लावा. शक्य तितकी लवकरची... हो, पुन्हा करून पाहिला. मुलीचे आकडे खरे आहेत. पहिल्यापासून खरे होते." त्यांनी पलीकडचं ऐकलं.  "चूक? सापडली ना. तिची नव्हे, माझी. मी झाडांची राखण करत होतो, आणि झाडं माझ्यामुळं... नाही, फोनवर नाही पटणार. तुम्ही याच."

पलीकडून बरंच काही विचारलं गेलं. सरांनी फोनवर हात धरला आणि हेमाकडं पाहिलं.

"ते विचारतायत, हे सगळं प्रबंधात घालणार आहेस का?"

"घालावंच लागेल, सर. तोच तर सगळ्यात चांगला भाग आहे."

 सरांनी फोनवरचा हात काढला.

"घालणार म्हणते." पुन्हा ऐकलं. "हो. माझ्या नावासकट." आणि मग, पहिल्यांदाच हसत, "हो हो, गुडघ्यासकट."